‘बेपत्ता’ म्हणून मिटलेली पाने

नवी मुंबई पोलीस दलातील सहायक निरीक्षक अश्विनी बिद्रे-गोरे यांचा खून केल्याबद्दल अभय कुरुंदकर या पोलीस निरीक्षकास पनवेलच्या सत्र न्यायालयाने २१ एप्रिल २०२५ रोजी जन्मठेपेची शिक्षा सुनावली. पुरावा नाहीसा करण्यास हातभार लावणाऱ्या दोघांस सात वर्षांची सजा झाली आणि एक आरोपी निर्दोष सुटला. अश्विनीबाई दिसेनाशा झाल्या तो दिवस होता ११ एप्रिल २०१६. म्हणजे गुन्हा आणि शिक्षा यांच्यामध्ये नऊ वर्षे आणि वर दहा दिवस गेले. मारली गेली ती पोलीस अधिकारी, मारणारा पोलीस अधिकारी, तपासाला उशीर लावणारेही पोलीसच. आणि थंडावलेला तो तपास पुढे नेणारी होती तीही एक महिला पोलीस अधिकारीच. या शेवटच्या गोष्टीबद्दल आम्हांस समाधान वाटते. परंतु त्या समाधानाखाली एक प्रश्न सारखा टोचत राहतो, आणि तो प्रश्न पनवेलचा वा कळंबोलीचा नसून आमच्या नागपूरचा, आमच्या जिल्ह्यातील कळमेश्वरचा आहे. म्हणूनच या विषयास आम्ही आज पहिल्या पानावर जागा देत आहोत.

प्रथम घडले काय ते थोडक्यात सांगितले पाहिजे. अश्विनीबाई कोल्हापूर जिल्ह्यातील आळते गावच्या. स्वकष्टाने पोलीस खात्यात शिरलेल्या आणि सहायक निरीक्षकाच्या हुद्द्यापर्यंत पोचलेल्या. त्या कळंबोलीस राहत असताना नाहीशा झाल्या. घरच्या मंडळींनी जुलै २०१६ मध्ये ठाण्यात वर्दी दिली, तेव्हा नोंद झाली ती ‘बेपत्ता’ अशी. ज्या वरिष्ठ निरीक्षकावर कुटुंबाने बोट ठेवले होते, त्याच्याविरुद्ध अपहरणाचा गुन्हा दाखल होण्यास ३१ जानेवारी २०१७ उजाडावा लागला. त्याच्या पाचच दिवस अगोदर, प्रजासत्ताकदिनी, त्याच निरीक्षकास राष्ट्रपतींचे पोलीस पदक जाहीर झाले होते! गुन्हा नोंदल्यानंतरही अटक होण्यास डिसेंबर २०१७ यावा लागला. या अवधीत पती आणि भाऊ यांनी ठाण्यांचे उंबरे झिजविले, वरिष्ठांकडे अर्जविनंत्या केल्या, उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. निकाल देताना न्यायालयाने पोलिसांच्या या दिरंगाईबद्दल आणि त्या पदकाबद्दल कठोर शब्द वापरले, ते उगीच नव्हेत. आरोपीच्या छातीवर पदक आणि फिर्यादीच्या हाती अर्जाची पोच, असे चित्र ज्या राज्यात दिसते, तेथे सामान्य नागरिकाने कायद्यावर भरवसा ठेवावा तो कशाच्या बळावर?

पुढे या तपासाची सूत्रे सहायक पोलीस आयुक्त संगीता शिंदे-अल्फान्सो यांच्याकडे आली. त्यांच्या पुढ्यात काय होते? प्रेत नव्हते. प्रत्यक्ष पाहिलेला साक्षीदार नव्हता. मध्ये दोन पावसाळे गेले होते. समोरचा आरोपी चोरटा भामटा नसून तपासाची सारी अंतर्बाह्य कळ ठाऊक असलेला, पुरावा म्हणजे काय आणि तो कसा नाहीसा करतात हे जाणणारा खात्यातलाच माणूस होता. खून भाईंदरच्या एका सदनिकेत झाला, प्रेताचे तुकडे करण्यात आले आणि ते वसईच्या खाडीत टाकण्यात आले, हे तपासातून पुढे आले. २०१८ च्या प्रारंभी त्या खाडीचा तळ यंत्रांच्या साहाय्याने धुंडाळण्यात आला; पण भरती-ओहोटीच्या पाण्याने दोन वर्षांत जे नेले ते परत दिले नाही. तेव्हा उरला तो एकच मार्ग: दूरध्वनीच्या नोंदी, भ्रमणध्वनीची ठिकाणे, संदेश, माणसांच्या हालचाली यांचा एकेक दुवा जुळवून साखळी पुरी करणे. हे काम डोळे दिपविणारे नाही. त्यात पाठलाग नाही, पिस्तुलाचा बार नाही. टेबलाशी बसून कागदाशी कागद ताडण्याचे, पुनःपुन्हा त्याच साक्षीदारापाशी जाऊन तोच प्रश्न विचारण्याचे, आणि आपल्याच खात्यातील लोकांच्या कपाळावरच्या आठ्या सोसण्याचे ते काम आहे.

प्रेत मिळाले नाही तर खून सिद्ध होत नाही, अशी एक समजूत लोकांत फार घट्ट रुजलेली आहे, आणि दुर्दैवाने ती गुन्हेगारांतही रुजलेली आहे. ती खोटी आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली हिमाचल प्रदेशातून आलेल्या एका खटल्यात स्पष्टच सांगितले की, प्रेत हाती लागणे ही खुनाच्या दोषसिद्धीची अपरिहार्य अट नव्हे; तसे मानले तर प्रेत नाहीसे करण्यात जो अधिक निष्णात तो अधिक सुरक्षित, असा उफराटा न्याय होईल. परंतु त्याच न्यायालयाने १९८४ साली, खुद्द महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका खटल्यात, परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वे घालून दिली. न्यायमूर्तींनी त्यांस ‘पंचशील’ असेच नाव दिले. प्रत्येक दुवा निःसंशय सिद्ध झाला पाहिजे, साखळी पुरी झाली पाहिजे, आणि आरोपीच्या निर्दोषपणाला वाव ठेवणारा दुसरा कोणताही अर्थ तीतून निघता कामा नये. ही दोन्ही वचने एकत्र वाचली म्हणजे जुन्या खुनाच्या तपासाचे मर्म कळते. कायदा दार बंद करीत नाही. पण आत येणाऱ्याने हाती पुरा दिवा घेऊन यावे, असे मात्र तो बजावतो. पनवेलच्या निकालाने एवढे दाखविले की, चिकाटीने तपास करणारा अधिकारी असला तर हा दिवा पेटविता येतो.

येथे एक मोह आवरला पाहिजे. ‘महिला गुप्तहेर’ म्हटले की आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढे रहस्यकथांचे जग उभे राहते. बाबूराव अर्नाळकरांच्या कथांनी दोन पिढ्यांना वेड लावले. पण त्यांतील झुंजार, धनंजय आणि काळा पहाड हे तिन्ही वीर पुरुषच. स्त्रीने संकटात सापडावे आणि नायकाने तिला सोडवावे, हा त्या जगाचा शिरस्ता. प्रत्यक्षातले जग मात्र या बाबतीत कथांच्या पुढे गेलेले होते. अमेरिकेत पिंकर्टनच्या प्रख्यात संस्थेत केट वॉर्न ही बाई १८५६ सालीच गुप्तहेर म्हणून दाखल झाली होती. आपल्याकडे मुंबईच्या रजनी पंडित यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत हा व्यवसाय उघडपणे पत्करला. त्यांचे वडील गुन्हे अन्वेषण खात्यात होते. एका खुनाचा माग काढण्यासाठी आपण संशयित बाईच्या घरी सहा महिने मोलकरीण होऊन राहिलो, ही त्यांनी स्वतः सांगितलेली हकिगत महाराष्ट्राला परिचित आहे. दूरध्वनीच्या नोंदी बेकायदा मिळविल्याच्या एका प्रकरणात २०१८ साली त्यांस अटक झाली आणि पुढे जामीन मिळाला, हेही लोकांस ठाऊक आहे. त्यातील खरेखोटे न्यायालयाने पाहावे. आम्हांस त्यातून दिसते ते एवढेच की, खाजगी हेरांचे अधिकार कोणते आणि मर्यादा कोणत्या हे सांगणारा कायदाच या देशात नाही. २००७ साली राज्यसभेत मांडलेल्या त्यासंबंधीच्या विधेयकाचा कायदा कधी झालाच नाही. तेव्हा खाजगी हेर कितीही हुशार असला तरी त्याला ना कोणाची झडती घेता येत, ना पंचनामा करता येत, ना कोणास बेड्या घालता येत. खुनाचा तपास हे अखेर सरकारचेच काम आहे, आणि सरकारने ते टाळले तर नागरिकांस दुसरा वाली उरत नाही.

शिवाय स्त्रीच्या अंगी काही गूढ अंतर्ज्ञान असते म्हणून तिने गुन्हे शोधावेत, असेही आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणे हा स्तुतीच्या वेषातला अपमानच होय. श्रीमती शिंदे-अल्फान्सो यांच्या कामात अंतर्ज्ञानापेक्षा अभ्यास अधिक दिसतो. स्त्री-अधिकाऱ्याच्या उपस्थितीने फरक पडतो तो निराळ्याच जागी. एखादी विवाहित बाई नाहीशी झाली की, आपल्या समाजाचा, आणि म्हणून आपल्या ठाण्याचाही, पहिला प्रश्न ‘तिचे काय झाले असेल?’ असा नसतो. ‘ती कशी होती?’ असा असतो. तिचे कोणाशी संबंध होते, ती नवऱ्याजवळ का राहत नव्हती, रात्री बाहेर का पडत होती, याची चर्चा चहाच्या टपरीपासून अंमलदाराच्या टेबलापर्यंत रंगते, आणि त्या चर्चेत पहिले मोलाचे दिवस निघून जातात. अश्विनीबाईंच्या खाजगी आयुष्याचीही अशीच चिरफाड झाली. त्यांनी आयुष्यात चुका केल्या की नाही, याचा निवाडा करणारे आम्ही कोण? ज्या अधिकाऱ्याला हे चारित्र्याचे पाल्हाळ बाजूस सारून, ‘एक जिवंत माणूस अमुक दिवशी होते आणि दुसऱ्या दिवशी नव्हते’ एवढ्या उघड्या वस्तुस्थितीला हात घालता येतो, तोच खरा तपास अधिकारी. तो पुरुषही असू शकतो. परंतु ज्यांना स्वतःला उभा जन्म अशा नजरांना तोंड द्यावे लागले आहे, त्या स्त्रियांना हे बहुधा लवकर साधते, इतकेच.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. खून ‘थंड’ होतो म्हणजे नेमके काय होते? आपल्या पोलिसी भाषेत त्याला एक निर्विकार नाव आहे: ‘अ समरी’. गुन्हा खरा, पण उघडकीस न आलेला, असा शेरा मारून दप्तर न्यायालयाकडे जाते आणि मग फडताळात जाते. पण निदान येथे गुन्हा ‘खरा’ असल्याचे तरी मान्य होते. त्याहून वाईट स्थिती ज्यांची गुन्हा म्हणून नोंदच झाली नाही अशा मृत्यूंची. त्यांची पाने दोन निरनिराळ्या वह्यांत मिटलेली असतात. एक वही बेपत्ता माणसांची. दुसरी अकस्मात मृत्यूंची, जिला आपल्या विदर्भात ‘मर्ग’ म्हणतात. एका ठाण्याच्या पहिल्या वहीतील बाई आणि शेजारच्या जिल्ह्यातील ठाण्याच्या दुसऱ्या वहीतील ‘अनोळखी स्त्रीचे प्रेत, वय अंदाजे तीस’ ही एकच व्यक्ती असू शकते. पण त्या दोन वह्या एकमेकींशी बोलत नाहीत. रायगड जिल्ह्यात पेणजवळच्या रानात मे २०१२ मध्ये मानवी अवशेष मिळाले, नमुने मुंबईस पाठविले गेले, आणि पुढे सारे शांत झाले. शीना बोरा प्रकरण म्हणून देशभर गाजलेला तो गुन्हा नोंदला गेला तो २०१५ च्या ऑगस्टात, आणि तेव्हा तीच जमीन पुन्हा खणावी लागली. त्या खटल्यातील दोषादोषाविषयी आम्ही एक अक्षरही लिहिणार नाही. परंतु मधली तीन वर्षे कोठे गेली, हा प्रश्न आरोपी कोण आहे यावर अवलंबून नाही. लैला खान आणि तिच्या कुटुंबातील माणसे, मिळून सहा जण, फेब्रुवारी २०११ मध्ये इगतपुरीच्या बंगल्यात मारली गेली. त्यांचे सांगाडे बंगल्याच्या आवारातून निघाले ते जुलै २०१२ मध्ये, आणि मुख्य आरोपी दोषी ठरला तो मे २०२४ मध्ये. सहा माणसे एका रात्रीत पृथ्वीच्या पाठीवरून नाहीशी होतात, आणि दीड वर्ष ती केवळ ‘बेपत्ता’ असतात!

पुरावा वाट पाहत बसत नाही, ही गोष्ट जितकी उघड तितकीच दुर्लक्षित आहे. दूरध्वनी कंपन्यांनी संभाषणांच्या नोंदी किती काळ जपाव्यात याचे बंधन पूर्वी अवघे एक वर्षाचे होते. डिसेंबर २०२१ मध्ये ते दोन वर्षांचे करण्यात आले. त्यानंतर कंपनीने नोंद पुसून टाकली तर तिला दोष देता येत नाही. दुकानाच्या दारावरील छायाचित्रण यंत्र तर काही दिवसांतच आपल्याच जुन्या चित्रांवर नवी चित्रे चढविते. भाडेकरू बदलतो, भिंतीस नवा रंग लागतो, साक्षीदाराची नोकरी सुटते, त्याची स्मृती अंधुक होते. ठाण्यातील अंमलदार ‘दोन दिवस वाट पाहा’ असे म्हणतो, तेव्हा त्याच्या नकळत तो गुन्हेगारास मुदत वाढवून देत असतो. खुनाच्या गुन्ह्याला कायद्याने मुदतीची मर्यादा घातलेली नाही; तीस वर्षांनंतरही खटला उभा राहू शकतो. पण निसर्गाने पुराव्याला जी मुदत घातली आहे ती कोणत्याही कायद्याने वाढविता येत नाही.

आणि आता कळमेश्वर. नागपूरपासून वीस-पंचवीस किलोमीटरवरचे हे तालुक्याचे गाव. इटारसीकडे जाणारी रेल्वे तेथे थांबते; भोवती संत्र्याच्या बागा आणि कपाशीची शेते आहेत, आणि गावाला लागून औद्योगिक वसाहत आहे. मोहपा, धापेवाडा आणि लहानसहान खेड्यांतून शेकडो बाया रोज कामासाठी घराबाहेर पडतात. कोणी कारखान्यात पाळीवर, कोणी तोडणीच्या हंगामात बागेत, कोणी नागपुरात घरकामाला. कल्पना करा की, त्यांतील एक बाई एका संध्याकाळी घरी परतली नाही. नवऱ्याने तिला टाकली आहे, बाप म्हातारा आहे, भाऊ हमाली करतो. बाप ठाण्यात जातो. तेथे त्याला काय ऐकावे लागेल, हे आमच्या वाचकांस वेगळे सांगावयास नको: “कोणासंगं गेली असन बावा, येईन दोन दिवसांत.” कळमेश्वरचे ठाणे इतरांहून वाईट आहे असे आम्हांस मुळीच म्हणावयाचे नाही, महाराष्ट्रातील कोणत्याही ठाण्यात हेच उत्तर मिळण्याचा संभव आहे, आणि म्हणूनच तर हा प्रश्न गंभीर आहे. त्या बापाजवळ उच्च न्यायालयात जाण्यास पैसा नाही, जरी त्या न्यायालयाचे खंडपीठ त्याच्या घरापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवर असले तरी! वर्तमानपत्रांचे वार्ताहर त्याच्या दारी येणार नाहीत. अश्विनीबाईंच्या अंगावर खाकी गणवेश होता, कुटुंब सुशिक्षित आणि चिवट होते, साऱ्या महाराष्ट्राचे लक्ष त्या प्रकरणावर होते. तरी आरोपीस अटक होण्यास वीस महिने लागले. मग कळमेश्वरच्या त्या बाईच्या वाट्यास किती महिने यावेत? की महिने मोजण्याचा प्रसंगच येणार नाही?

तो प्रसंग येत नाही याचे एक कारण कायद्यातच आहे. मूल हरवले तर ते पळवून नेले असावे असे गृहीत धरून तत्काळ गुन्हा नोंदवावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली दिला, आणि त्याने फार मोठा फरक पडला. परंतु सज्ञान स्त्री नाहीशी झाली तर तो आपोआप गुन्हा होत नाही; केवळ नोंद होते. सज्ञान माणसास आपल्या इच्छेने घर सोडून जाण्याचा हक्क आहे, आणि तो असलाच पाहिजे, हे आम्हांस मान्य आहे. छळाला कंटाळून बाहेर पडलेल्या बाईला पोलिसांनी फरफटत परत आणावे, असे कोणीही म्हणणार नाही. पण ती स्वेच्छेने गेली आहे की तिचे बरेवाईट झाले आहे, एवढे तरी ठराविक मुदतीत खातरजमा करून घेण्याची सक्ती असावयास नको काय? तिचा दूरध्वनी बंद आहे, बँकेतील पैशांस हात लागलेला नाही, अंगावरच्या कपड्यांखेरीज तिने काही नेलेले नाही, आणि मायेचे लेकरू मागे राहिले आहे, इतक्या गोष्टी एकत्र आल्यावरही जी नोंद ‘बेपत्ता’ या सदराखालीच राहते, ती नोंद घेणाऱ्याच्या आळसाची निशाणी आहे.

कोणी म्हणेल, रोजचे गुन्हे निस्तरताना पोलिसांच्या नाकी नऊ येतात. सभा, मोर्चे, सण, निवडणुका, मंत्र्यांचे दौरे यांच्या बंदोबस्तातच त्यांचे दिवस जातात. जुनी मढी उकरावयास त्यांना सवड कोठून मिळावी? हे गाऱ्हाणे खोटे नाही. पण त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने फार पूर्वीच सुचविले आहे. २२ सप्टेंबर २००६ रोजी प्रकाशसिंह यांच्या अर्जावर निकाल देताना, गुन्ह्यांचा तपास करणारे पोलीस आणि बंदोबस्त पाहणारे पोलीस यांची फारकत करावी, तिचा प्रारंभ दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांपासून करावा, आणि महत्त्वाच्या पदांवरील अधिकाऱ्यांस किमान दोन वर्षे हलवू नये, असे आदेश न्यायालयाने दिले. त्या निकालाची शाई वाळून किती वर्षे लोटली! सरकारे आली आणि गेली. फारकत मात्र बहुतांशी कागदावरच राहिली. जुन्या खुनाचा तपास म्हणजे एकाच माणसाने, एकच दप्तर, दीर्घ काळ उराशी बाळगण्याचे काम. सहा महिन्यांनी नवा अधिकारी यावा आणि त्याने पहिल्या पानापासून पुन्हा वाचावयास आरंभ करावा, अशा व्यवस्थेत दुवे जुळण्याऐवजी तुटतातच.

दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. जुन्या गुन्ह्याची उकल करून नाव मिळविण्याच्या उत्साहात निरपराध माणूस गोवला गेला तर? ही भीती रास्त आहे. वर्षे लोटल्यावर साक्षीदारांच्या आठवणीत ऐकीव गोष्टी मिसळतात. कोणा गरिबाला धरून त्याच्याकडून कबुली घेण्याचा जवळचा रस्ताही सापडतो. पोलिसांपुढे दिलेली कबुली न्यायालयात ग्राह्य धरू नये, हा आपल्या कायद्यातील फार शहाणपणाचा नियम आहे, आणि नव्या साक्ष अधिनियमातही तो कायम आहे, याचे आम्ही स्वागत करतो. म्हणूनच जुन्या गुन्ह्यांच्या तपासात दंडुक्यापेक्षा प्रयोगशाळेवर भर हवा. कॅलिफोर्नियात १९७० व १९८० च्या दशकांत अनेक खून आणि बलात्कार करून मोकळा राहिलेला एक गुन्हेगार एप्रिल २०१८ मध्ये पकडला गेला. तेथे घटनास्थळाचे नमुने दशकानुदशके जपून ठेवलेले होते, आणि बार्बरा रे-व्हेंटर या विदुषीने आनुवंशिक खुणांवरून वंशवेल जुळविण्यास तपास पथकास साह्य केले. पकडलेला माणूस स्वतः एके काळी पोलिसात नोकरीस होता! २०२० साली त्याने गुन्हे कबूल केले. चाळीस वर्षांपूर्वीचा नमुना ज्याने काळजीपूर्वक लखोट्यात बंद करून ठेवला, त्या अनामिक कारकुनाचे श्रेय या यशात लहान नाही. आपल्याकडे मुद्देमालाच्या खोलीत वाळवी, उंदीर आणि ओल यांचे राज्य असेल, तर उद्या कितीही मोठी शास्त्रज्ञ आणली तरी ती काय तपासणार?

नागपूरला या बाबतीत सबब सांगण्यास जागा नाही. न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा येथे आहे. त्या शास्त्राचे शिक्षण देणारी शासकीय संस्था येथे आहे. वैद्यकीय महाविद्यालये येथे आहेत. उच्च न्यायालयाचे खंडपीठ येथे आहे. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेने तर सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे अपरिहार्य करण्याची दिशा दिली आहे आणि त्यासाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत ठेविली आहे. राज्याच्या पोलीस भरतीत स्त्रियांसाठी तीस टक्के जागा राखीव आहेत. या साऱ्या गोष्टी एका सूत्रात ओवल्या तर नागपूर जिल्हा महाराष्ट्रास धडा घालून देऊ शकेल.

त्यासाठी आमच्या मागण्या थोड्या आणि साध्या आहेत. नागपूर शहर व नागपूर ग्रामीण या दोन्ही पोलीस दलांत जुन्या, न उलगडलेल्या खुनांसाठी व संशयास्पदरीत्या नाहीशा झालेल्या माणसांसाठी एक स्वतंत्र पथक असावे, आणि त्यातील अधिकाऱ्यांस बंदोबस्ताच्या कामास जुंपू नये. बेपत्ता व्यक्तींची वही आणि मर्गाची वही दरमहा एकमेकींशी, आणि शेजारच्या जिल्ह्यांच्या वह्यांशी, ताडून पाहिली जावी. प्रत्येक अनोळखी प्रेताचे नमुने अंत्यविधीपूर्वी घेऊन जपले जावेत. सज्ञान स्त्री नाहीशी झाल्याची वर्दी आल्यावर ठराविक दिवसांत चौकशीचा लेखी निष्कर्ष कुटुंबास मिळावा, आणि समाधानकारक उलगडा न झाल्यास गुन्हा नोंदवावा. आरोप खुद्द पोलिसावर असेल तर तपास त्याच्या दलाबाहेरच्या अधिकाऱ्याकडे पहिल्या दिवसापासून जावा. कळंबोलीच्या प्रकरणाने निदान एवढे तरी शिकविले पाहिजे. आणि स्त्री-अधिकाऱ्यांस केवळ महिला कक्षात बसवून संसाराच्या तडजोडी करण्यास न लावता, खुनाच्या तपासाचे शिक्षण आणि जबाबदारी द्यावी. भरतीत तीस टक्के जागा ठेवावयाच्या आणि खुनाच्या पंचनाम्याच्या वेळी मात्र बाईला मागे उभे करावयाचे, हा दुटप्पीपणा आता पुरे झाला.

अश्विनीबाईंच्या कुटुंबास न्याय मिळाला, पण तो एका अधिकाऱ्याच्या चिकाटीमुळे, एका कुटुंबाच्या हट्टामुळे आणि न्यायालयाच्या दट्ट्यामुळे मिळाला. असे तीन योग एकत्र जुळून यावेत आणि मगच खुनास वाचा फुटावी, ही राज्यव्यवस्था नव्हे, दैवयोग होय. कर्तबगार अधिकारी नियमाने मिळत नाहीत. म्हणूनच साधारण अधिकाऱ्याकडूनही बरे काम करवून घेईल असा नियम असावा लागतो. श्रीमती शिंदे-अल्फान्सो यांचा खरा सत्कार करावयाचा असेल तर तो शाल-श्रीफळ देऊन होणार नाही. कळमेश्वरच्या ठाण्यात एखादा म्हातारा बाप कापऱ्या आवाजात आपल्या लेकीचे नाव सांगू लागेल, तेव्हा समोरच्या अंमलदाराने दोन दिवस थांबावयास न सांगता त्याच क्षणी लेखणी उचलावी, अशी व्यवस्था करणे हाच तो सत्कार होय. गृहखात्याने तो करावा, आणि नागपूरच्या सुशिक्षित नागरिकांनी, तो होईपर्यंत, आपल्या लोकप्रतिनिधींस स्वस्थ बसू देऊ नये.